हॉलमधला व्हिडिओ कॉलचा डबा रजिस्टर होत नाहीये, गुरुवारी तालीम आहे

प्रेषक: नाट्यविभाग
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

आत्ताच हॉलवरून आले. टीव्ही लागतो, कॅमेरा फिरतो, पण कोपऱ्यातला हिरवा बाण काही येत नाही. खाली बारीक अक्षरात ‘गेटकीपर: रजिस्टर नाही’, म्हणजे डब्यांची नोंद ठेवून कॉल जोडणाऱ्या सर्व्हरकडे आपल्या डब्याची नोंद नाही. दोनदा बंद-चालू केला, नेटची वायर काढून परत लावली, तरी तेच. गुरुवारी रात्री साडेआठला पुण्याचे सर व्हिडिओ कॉलवर येणार आहेत, त्यांच्याकडे तेव्हा शुक्रवारचे पहाटेचे सहा. मागच्या वेळेसारखं त्यांना पाऊण तास ताटकळत ठेवायला मला फार जड जातं. दुसरा अंक अजून एकदाही सलग झालेला नाही.

रविवारी सर्व्हरवर काहीतरी अपडेट झालं म्हणे. त्यामुळे असेल तर ते मागे घ्या, एवढीच विनंती.

प्रेषक: तांत्रिक समिती
मंगळवार, रात्री ११.२५

ताई, अपडेट फक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं होतं. ग्नू गेटकीपर (गेटकीपरचं काम करणारा प्रोग्राम) याच्या फाइलला मी हात लावलेला नाही. उद्या ऑफिस सुटलं की बघतो. तोवर डब्याचं सेटिंग कृपया कुणीही बदलू नका. गेल्या वेळी तिघांनी तीन बदल केले आणि मुळात काय होतं ते शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला.

उद्या कुणी हॉलवर जाणार असेल तर फक्त बघून सांगा: गेटकीपरचा पत्ता हाताने घातलेला आहे की ‘ऑटो’वर आहे? ऑटोवर डबा १७१८ पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं नंबर दिलेलं दार) मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना, हाक मारतो. ती हाक हॉलच्या नेटवर्कबाहेर जात नाही, आणि सर्व्हर तर हॉलमध्ये नाहीच. पत्ता घातलेला असेल तर रजिस्ट्रेशन यूडीपी १७१९ वर जातं आणि कॉल टीसीपी १७२० वर (यूडीपी, टीसीपी या नेटवर माहिती पाठवायच्या दोन पद्धती). हे दोन्ही राउटरवर उघडे आहेत.

प्रेषक: काका (माजी खजिनदार)
बुधवार, सकाळी ६.५०

डबे ज्या पद्धतीने कॉल लावतात त्या एच.३२३ चं हे लोढणं किती दिवस गळ्यात ठेवायचं? १९९६ चं प्रमाण आहे ते. मी दूरसंचारात होतो तेव्हा एका कॉलसाठी किती पोर्ट उघडावे लागायचे ते आठवतंय. आधी १७२०, मग एच.२४५ साठी (आवाज-चित्र कसं पाठवायचं ते ठरवायला) कुठलातरी वेगळाच पोर्ट, मग आवाज, चित्र, प्रत्येकाचे वेगळे. कॉल लावायची दुसरी पद्धत सिप, ती साधी आहे, मजकूर डोळ्यांनी वाचता येतो. रजिस्टर पाठवायचं, सर्व्हर ४०१ हा कोड पाठवून पासवर्ड मागतो, तो दिला की २०० ओके. सगळे डबे सिपवर घ्या आणि एच.३२३ बंद करून टाका. वार्षिक सभेतही मी हेच बोललो होतो.

प्रेषक: मराठी शाळा
बुधवार, सकाळी ९.१५

काका, सिपवर आम्ही एकदा पूर्ण वर्ग घेतला आहे, म्हणून लिहिते. मी स्लाइडवर ‘ळ’चं वळण दाखवत होते, आणि दुसऱ्या केंद्रातल्या मुलांना वीस मिनिटं नुसता माझा चेहरा दिसत होता. एका मुलीने शेवटी विचारलं, ‘ताई, फळा कुठे आहे?’ तो प्रश्न मी विसरलेले नाही. एच.३२३ वर स्लाइड व्यवस्थित जातात. शाळेचा डबा कृपया आहे तसाच राहू द्या.

प्रेषक: काका (माजी खजिनदार)
बुधवार, सकाळी ९.४०

स्लाइड सिपवरही जातात. एच.३२३ मध्ये ते काम एच.२३९ करतं, सिपमध्ये बीएफसीपी. ते दोन्हीकडे चालू असावं लागतं.

प्रेषक: गणेशोत्सव समिती
बुधवार, दुपारी १२.०५

काहीही करा, पण ते अनोळखी कॉल थांबवा. अथर्वशीर्षाच्या आवर्तनाच्या मध्येच डब्याने कुठलातरी कॉल आपणहून घेतला आणि स्पीकरवर नुसती खरखर. यजमान आणि गुरुजी दोघेही थांबले. बसलेल्या माणसांना तो विक्षेप फार लागतो.

प्रेषक: तांत्रिक समिती
बुधवार, दुपारी १२.३०

ते कॉल कुणी माणूस करत नाही. १७२० आणि सिपचा ५०६० हे पोर्ट उघडे दिसले की जगभरातून स्कॅनर आपोआप कॉल टाकून बघतात. उपाय दोन: डब्यावरचं ‘आपोआप उत्तर’ बंद ठेवायचं आणि फक्त गेटकीपरकडून आलेलेच कॉल घ्यायचे. उत्सवानंतर मी दोन्ही केलं होतं. परत कुणी चालू केलं असेल तर मला सांगा, मी रागावणार नाही, पण कळू द्या.

प्रेषक: तांत्रिक समिती
बुधवार, सायंकाळी ६.५०

सापडलं. गेटकीपरच्या ७००० पोर्टवर स्टेटस उघडून बसलो होतो. हॉलचा डबा दर थोड्या वेळाने रजिस्ट्रेशन मागतो आणि दर वेळी आरआरजे, म्हणजे नकार, येतो. कारण ‘डुप्लिकेट अलायस’: तोच नंबर किंवा नाव आधीच दुसऱ्याकडे आहे. हॉलच्या डब्याचा ४०१ नंबर आधीच शाळेच्या डब्याकडे आहे. दुसरा डबा लावताना पहिल्याचं सेटिंग जसंच्या तसं उतरवलेलं दिसतंय. आजवर शाळा रविवारी आणि तालीम गुरुवारी, दोन्ही डबे कधी एका वेळी चालू नसायचे, म्हणून ते झाकलं गेलं. या रविवारपासून शाळेचा डबा बंदच झालेला नाही. तो अधूनमधून ‘मी आहे’ असं गेटकीपरला कळवत राहतो आणि नंबर सुटत नाही.

शाळेच्या ताई, तुमचा नंबर ४०२ करू या.

प्रेषक: मराठी शाळा
बुधवार, सायंकाळी ७.२०

डबा चालू ठेवला कारण अपडेटच्या मेलमध्ये ‘रविवारी काही बंद करू नका’ असं लिहिलं होतं. आणि नंबर शाळेचाच का बदलायचा? दुसऱ्या केंद्राच्या शिक्षकांकडे, सांगलीच्या आजींच्या टॅबमध्ये, सगळीकडे ४०१ आहे. आजींना एक आकडा बदलून द्यायचा म्हणजे त्यांच्या नातवाला शनिवारी गाठायला लागतं.

प्रेषक: नाट्यविभाग
बुधवार, सायंकाळी ७.३५

ताई, सरांच्या लॅपटॉपवरही हॉल म्हणून ४०१ च आहे, आणि उद्या पहाटे त्यांना नवीन नंबर शोधायला लावणं मला प्रशस्त वाटत नाही. हा एक प्रयोग होऊ दे. आजींच्या नातवाला मी स्वतः फोन करते.

प्रेषक: मराठी शाळा
बुधवार, रात्री ८.१०

ठीक आहे. ४०२ केला. तरी हॉलचा बाण लाल का?

प्रेषक: तांत्रिक समिती
बुधवार, रात्री ८.३०

नंबर बदलला पण नाव राहिलं. दोन्ही डब्यांचं एच.३२३ नाव ‘हॉल-१’ आहे, आणि गेटकीपर नंबर आणि नाव दोन्ही तपासतो. नाव ‘शाळा-१’ करा, जतन करा, डबा एकदा बंद-चालू करा.

काका, सिपचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण आपल्या जुन्या डब्यात बीएफसीपी नाहीच, आणि सरांचा सिप कॉल मधला गेटवे एच.३२३ मध्ये बदलून देतो, तेवढ्यावर सध्या भागतंय. प्रयोग झाला की सिपकडे जाऊ. तेव्हा यूडीपी नको, सरळ ५०६१ वर टीएलएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी. व्हिडिओचा इन्व्हाइट (कॉल लावायचा संदेश) साधारण १५०० बाइटच्या वर गेला की यूडीपीवर त्याचे तुकडे होतात, आणि घरगुती राउटर ते तुकडे गिळतात.

इथून पुढे नंबर आणि नाव समितीकडूनच घ्यावं, मी वहीत लिहून ठेवतो.

प्रेषक: काका (माजी खजिनदार)
बुधवार, रात्री ८.५५

टीएलएस असेल तर माझी हरकत नाही. त्याला लागणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत कोण बघणार ते मात्र आत्ताच ठरवा.

प्रेषक: नाट्यविभाग
बुधवार, रात्री ९.०५

बाण हिरवा झाला! सरांना चाचणी कॉल लावला, त्यांनी लुंगीतच उचलला, चहाचा कप हातात, आणि माझा आवाज नीट येतोय म्हणाले. दादा, ताई, मनापासून आभार.

आता एकच: गुरुवारी संध्याकाळी सहाला कपाटाची किल्ली कुणाकडे असेल? माइक त्यातच आहेत.