अनुभव धागा: क्रूझ संपली आणि ग्रुप गप्प झाला

खिडकीजवळची

गेल्या रविवारी माळा आवरताना जुन्या पातेल्यांच्या मागून स्टीलचा एक डबा निघाला. त्यावर ‘मा. वि. प. १९७८’ असे नाव घातलेले आहे आणि आमच्या घरात या आद्याक्षरांचे कोणीही नाही. बऱ्याच वेळाने आठवले की हा डबा फेब्रुवारी २०१७ मध्ये जहाजावर माझ्याकडे आला होता. कोस्टा निओक्लासिका हे इटालियन जहाज डिसेंबर २०१६ पासून मुंबईहून मालदीवला जाऊ लागले होते आणि तोपर्यंत समुद्रावर घारापुरीच्या पुढे न गेलेल्या आम्ही मंडळींनी हौसेने तिकिटे काढली होती. डबा शंकरपाळ्यांचा होता. तो जहाजावर कसा चढला, हे कृपया विचारू नये.

प्रवासाच्या दोन महिने आधी आमचा त्रेचाळीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला होता. ॲव्होमिनची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, औपचारिक जेवणाला पैठणी चालेल का, खोलीला खिडकी नसेल तर जीव घाबरतो का, अशा प्रश्नांवर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चाले. प्रवासानंतर महिनाभर छायाचित्रे आली, त्यानंतर वाढदिवस आले आणि मग केवळ सुप्रभात उरले. डबा सापडल्यावर मी तो ग्रुप उघडून पाहिला, तर शेवटचा संदेश २०२१ मधला, लसीकरण केंद्राच्या वेळेसंबंधीचा होता, आणि त्याखाली अमुक क्रमांक बदलला, अमुक बाहेर पडले अशा राखाडी ओळींची रांग होती. ज्या ताईंचा डबा आहे, त्यांचा क्रमांक त्याच रांगेत कुठेतरी आहे.

तुमच्या सहप्रवाशांच्या ग्रुपचे काय झाले? प्रवासाआधीचे आणि नंतरचे, दोन्ही अनुभव लिहावेत.

भाऊच्या_धक्क्यावरून

आमच्या लहानपणी ग्रुप नव्हता, आगबोट होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की डेकवर सतरंजी अंथरायची. शेजारच्या सतरंजीवरच्या कुटुंबाची संपूर्ण वंशावळ रात्रभरात कळत असे, आणि विजयदुर्गला पहाटे ते पडावात उतरले की संबंध संपत असे. त्यात कोणाला वाईट वाटल्याचे मला आठवत नाही. पुढच्या मे महिन्यात दुसरे कुटुंब शेजारी असे आणि आई पुन्हा तेवढ्याच आपुलकीने त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत असे. आता ओळख संपली तरी यादी शिल्लक राहते, म्हणून ती संपल्याचे दिसते, एवढाच फरक असावा.

अलास्कावारी

परदेशी जहाजांवर अशा ग्रुपला ‘रोल कॉल’ म्हणतात, म्हणजे आपली शाळेतली हजेरीच. आम्ही २०१८ च्या मे महिन्यात व्हँकुव्हरहून अलास्काला गेलो होतो. त्या ग्रुपमुळेच आम्ही बारा अनोळखी माणसांनी मिळून जुनोला देवमासे पाहण्यासाठी एक लहान बोट ठरवली. जहाजाच्या सहलीपेक्षा ती माणशी बरीच स्वस्त पडली आणि दीडशे जणांच्या गर्दीत टाचा उंचावून पाहण्याऐवजी आम्हाला कठड्याशी जागा मिळाली. समुद्रातल्या पहिल्या दिवशी सगळे ठरल्याप्रमाणे दहा वाजता एका लाउंजमध्ये भेटले. त्यानंतर एकमेकांच्या खोल्या पाहण्याचा कार्यक्रम झाला. हा तिकडचा रीतसर प्रघात आहे. आपण नव्या सोसायटीत कोणाच्या किचनला सर्व्हिस बाल्कनी आहे हे पाहत फिरतो, तसाच तो प्रकार. कसिनोत प्रत्येकाने वीस डॉलर काढून एकाच यंत्राचा खटका आळीपाळीने ओढला आणि उरलेले पैसे वाटून घेतले. माझ्या वाट्याला अकरा डॉलर आले.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच मार्गाने गेलो. या वेळी ग्रुपमध्ये दोनशेच्या आसपास माणसे होती आणि चार महिन्यांत नऊ जणांनी काहीतरी लिहिले. त्यातले तिघे बंदरावरच्या सहली विकणारे होते. मी बोटीचा विषय काढला, तेव्हा दोन अंगठे आले आणि नंतर कोणी काही बोलले नाही.

याचे एक कारण मला जहाजावर गेल्यावर दिसले. पूर्वी समुद्रात इंटरनेट इतके महाग आणि मंद असे की जे ठरवायचे ते घरून निघण्यापूर्वीच ठरवावे लागे, कारण चढल्यावर एकमेकांना गाठणे कठीण होते. २०२२ पासून स्टारलिंकचे उपग्रही इंटरनेट जहाजांवर येऊ लागले आणि आता माणूस हिमनदीसमोर उभा राहून ठाण्याच्या घरातल्या कामवालीला दूध किती घ्यायचे ते कळवतो. (तो माणूस मीच आहे.) सहलींची माहिती, दर आणि आरक्षण कंपनीच्या ॲपवर मिळते. जे प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने आपण बोलायला लागत होतो, ते प्रश्नच उरलेले नाहीत. शिवाय जहाजेही वाढली आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयकॉन ऑफ द सीज जहाजावर पूर्ण भरल्यास ७६०० प्रवासी मावतात. एवढ्या गावाची हजेरी घेणार कोण?

टपरीवरचा

आमच्या ग्रुपमध्ये अजूनही रोज सकाळी सहाला सूर्योदय होतो. गुलाबाच्या फुलासह.

नाइलाजाने_ॲडमिन

मी एका ग्रुपचा ॲडमिन आहे आणि हा पेशा मी निवडलेला नाही. २०२२ मध्ये आम्ही बॅलार्ड पिअरहून गोव्याला आणि परत असे तीन रात्रींचे जहाज घेतले होते. ज्याने ग्रुप काढला, तो उतरल्यानंतर दोन दिवसांत मला ॲडमिन करून स्वतः निघून गेला.

सुरुवातीला शहाऐंशी माणसे होती. परतल्यावर जेवणाच्या टेबलावरून वाद झाला. एका कुटुंबाने खिडकीचे टेबल तिन्ही रात्री अडवले होते, असा आरोप होता. त्यातून प्रकरण जातीवर आणि तिथून राजकारणावर गेले. मी केवळ ॲडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था केली. ही सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे आणि तिचा शोध लावणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात. दोन दिवसांनी ती काढायची होती, परंतु मी विसरलो. तीन आठवड्यांनी लक्षात आले आणि घाईघाईने क्षमा मागण्यासाठी ग्रुप उघडला, तेव्हा समजले की ग्रुप बंद असल्याचे कोणाच्याच लक्षात आलेले नाही. एकाही माणसाने मला स्वतंत्रपणे विचारले नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न कळवता बाहेर पडण्याची सोय आली. पूर्वी कोणी गेले की सर्वांना ओळ दिसे, त्यामुळे लाजेखातर माणसे टिकून राहत. आता ते केवळ ॲडमिनला कळते. म्हणजे त्रेपन्न माणसे एकेक करून बाहेर पडताना पाहण्याचा मान एकट्या मला मिळाला आहे. सध्या तेहतीस उरले आहेत.

तीन रात्रींच्या सफरीत जी ओळख होते, ती बुफेच्या रांगेतली असते. तिच्याकडून वर्षानुवर्षांची अपेक्षा करणे हीच मुळात चूक होती, असे माझे मत झाले आहे.

अलास्कावारी

ॲडमिनसाहेब, खिडकीचे टेबल अडवणारे कुटुंब त्या तेहतीसमध्ये आहे का?

नाइलाजाने_ॲडमिन

आहे. पाचही जण आहेत.

डोलकाठी

मी जहाजावरच्या भटारखान्यात अकरा वर्षे काम करतो आणि सध्या सुट्टीवर नालासोपाऱ्याला आहे. प्रवाशांच्या बाजूचे आपण सर्वांनी लिहिलेच आहे, म्हणून आमच्या बाजूचे थोडे लिहितो.

पूर्वी जहाज सुटण्याआधी सर्व प्रवाशांना एका ठिकाणी जमवून आणीबाणीचा सराव होत असे. जानेवारी २०१२ मधील कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या अपघातानंतर हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. अर्धा तास उन्हात उभे राहायचे, शेजारच्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा बांधून द्यायचा आणि दोघांनी मिळून कंपनीला नावे ठेवायची. मी कितीतरी मैत्र्या तिथे सुरू होताना पाहिल्या आहेत. २०२० नंतर अनेक कंपन्यांनी ती पद्धत बदलली. आता सूचना फोनवर पाहायच्या आणि आपल्या जमण्याच्या जागेवर सवडीने जाऊन नोंद करून यायचे. गर्दी टळली, आणि त्यासोबत ती ओळखही टळली. कोणी ‘ग्रुपमधले तुम्हीच का?’ असे विचारताना आता क्वचितच ऐकू येते.

आमचेही ग्रुप असतात, प्रत्येक कराराचा एक. करार संपून माणूस उतरला की तो हळूहळू बोलायचा थांबतो, कारण ग्रुपमध्ये सगळी चर्चा त्या जहाजाच्या आजच्या भाजीची असते. अपवाद २०२० चा. त्या उन्हाळ्यात आमचे जहाज प्रवासी उतरवून मुंबईबाहेर नांगर टाकून उभे होते आणि आम्हाला उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत रोज रात्री समोर शहराचे दिवे दिसत. ज्यांचे करार चार-चार वर्षांपूर्वी संपले होते, ती माणसे तेव्हा त्या जुन्या ग्रुपमध्ये परत बोलू लागली. एकाने मालाडच्या आपल्या गच्चीवरून टॉर्च हलवतो, दिसतो का पाहा, असे कळवले. मालाड तिथून दिसणे शक्यच नव्हते, तरी आम्ही सात जण कठड्यावर जाऊन उभे राहिलो. आम्ही उतरलो आणि पंधरा दिवसांत तो ग्रुप पूर्ववत झाला.

खिडकीजवळची

डोलकाठीदादा, हे वाचून दूध उतू गेले. तुम्ही सविस्तर लिहावे, ही विनंती.

दिवाळी२०१९

आमच्या ग्रुपचे नाव ‘कर्णिका परिवार’ असे आहे. एप्रिल २०१९ मध्ये कर्णिका हे जहाज मुंबईहून सुरू झाले आणि त्याच दिवाळीत आम्ही गेलो होतो. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात निघाले. मूळचे ते १९९० मध्ये इटलीत बांधलेले क्राउन प्रिन्सेस. त्याचा समोरचा भाग डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलाकार होता, आणि आमच्या ग्रुपचे चित्र अजूनही तेच आहे. अलंगच्या किनाऱ्याला लावलेल्या जहाजाचे छायाचित्र कोणीतरी टाकले, तेव्हा तेवीस जणांनी लिहिले. एका आजोबांनी आपल्या खोलीचा क्रमांक लिहिला आणि ती खिडकी छायाचित्रात कुठे असेल ते विचारले. दोघांनी मोजून गोल करून दाखवली. त्यानंतर ग्रुपमध्ये काहीही आलेले नाही, परंतु बाहेरही कोणी पडलेले नाही.

मुलुंडची_सून

थोडा वेगळा मुद्दा मांडते, पोळ्या करता करता लिहीत असल्यामुळे चुका सांभाळून घ्याव्यात. माझ्या सासूबाई सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतच्या जहाजावर गेल्या होत्या. त्यांचा मोठा ग्रुप दोन महिन्यांत शांत झाला, म्हणून मी हळहळ व्यक्त केली, तेव्हा त्या हसल्या. त्यातल्या सहाजणींनी जहाजावरच, चौथ्या दिवशी, वेगळा ग्रुप काढला होता. त्या सहाजणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दादरला भेटतात, गेल्या वर्षी एकीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत बाकीच्यांनी पाळीपाळीने डबे पोहोचवले आणि आता पुढची सफर त्याच ठरवत आहेत. मोठा ग्रुप केवळ एकमेकींना हेरण्यासाठी होता, असे सासूबाईंचे स्पष्ट म्हणणे आहे. तेव्हा ग्रुप गप्प झाला की माणसे तुटलीच, असे धरू नये. कधीकधी माणसे शेजारच्या खोलीत जाऊन बसलेली असतात आणि आपल्याला बोलावलेले नसते, इतकेच.

टपरीवरचा

शेवटचे वाक्य फार लागले. आता मला शंका येऊ लागली आहे.

नाइलाजाने_ॲडमिन

मलाही. त्रेपन्न माणसे एकदम कुठे गेली असतील?

शांत_समुद्र

आमच्या ग्रुपमधले एक काका गेल्याचे त्यांच्या मुलाने त्यांच्याच क्रमांकावरून कळवले. तीन वर्षे न बोललेल्या एकतीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली. त्या मुलाने रात्री विचारले की जहाजावरचे बाबांचे एखादे छायाचित्र कोणाकडे आहे का, कारण बाबा नेहमी इतरांची काढत आणि स्वतः कुठेच दिसत नाहीत. चार जणांनी शोधून पाठवली. एकात काका पूर्ण दिसतात, हातात सर्वांच्या पर्सेस धरलेले. मी तेव्हापासून ग्रुप सोडण्याचा विचार सोडून दिला आहे, फक्त आवाज बंद ठेवला आहे.

पहिलीच_वेळ

विषयांतराबद्दल क्षमस्व. आम्ही डिसेंबरमध्ये मुंबईहून प्रथमच जात आहोत. ग्रुप आहे, त्यात एकशे दहा माणसे आहेत आणि मी विचारलेल्या तीन प्रश्नांना कोणीही उत्तर दिलेले नाही, म्हणून येथे विचारते. सीएसएमटीहून सामानासह जाणे सोपे आहे का?

डोलकाठी

सोपे आहे. टॅक्सीवाल्याला बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट असे सांगावे. नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले आहे, तरीही कागदावर जे प्रवेशद्वार लिहिले असेल ते आधी पाहून घ्यावे. मोठी बॅग दारातच घेतात आणि ती खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधे, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा. उरलेले दोन प्रश्नही विचारावेत.

पहिलीच_वेळ

मनापासून आभार. दुसरा प्रश्न ॲव्होमिनचा होता.

खिडकीजवळची

आम्ही जेवणाआधी घेतली होती, पण एकदा डॉक्टरांना विचारावे.

सर्वांचे लेखन वाचून काल रात्री मी धीर करून डब्याचे छायाचित्र त्या जुन्या ग्रुपमध्ये टाकले. सकाळपर्यंत एकोणीस जणांनी पाहिले आहे. उत्तर एकच आले. एकीने विचारले आहे की डब्याला झाकण आहे का, कारण तिचाही असाच एक हरवलेला आहे. झाकण नाही.