पंखावर दोन पट्टे असलेला पर्ण वटवट्या: ह्यूम्स की यलो-ब्राउड?

प्रश्न
गेले तीन दिवस सकाळी उंच झाडाच्या शेंड्याजवळ एक इवलासा पर्ण वटवट्या (लीफ वॉर्बलर, पानांतले किडे टिपणारा छोटा पक्षी) दिसतो आहे. लांबी जेमतेम 10 सेंमी, पाठ राखाडीकडे झुकणारी हिरवी, भुवई लांब व फिकट, पंखावर एक ठळक पट्टा आणि त्याच्या वर दुसरा, अगदी पुसट. तो क्षणभरही स्थिर बसत नसल्याने छायाचित्रे धूसर आली आहेत. या भागात हिवाळ्यात ह्यूम्स आणि यलो-ब्राउड हे दोन्ही वॉर्बलर क्वचितच नोंदले जातात. नुसत्या रूपावरून निर्णय करता येईल का?

उत्तर १
रंगावर फार भिस्त ठेवू नये. यलो-ब्राउडची पाठ ताज्या पिसाऱ्यात स्वच्छ हिरवी असते, पण हिवाळा सरत येतो तशी पिसे झिजतात, हिरवा रंग राखाडी पडतो, वरचा पट्टा पुसला जातो आणि तोच पक्षी ह्यूम्ससारखा दिसू लागतो. त्यापेक्षा चोच आणि पाय पाहावेत. ह्यूम्सची खालची चोच बहुतांशी काळसर व पायही गडद असतात, तर यलो-ब्राउडच्या खालच्या चोचीचा बुडाकडचा भाग फिकट नारिंगी-गुलाबी आणि पाय उजळ तपकिरी असतात. मिटलेल्या पंखावर पाठीलगत दिसणारी पिसे काळपट व पांढऱ्या किनारीची, म्हणजे उठून दिसणारी असतील, तर पारडे यलो-ब्राउडकडे झुकते. तो पंख फडफडवत हवेत थबकला की कमरेकडेही नजर टाकावी. ती लिंबासारखी पिवळी असेल आणि डोक्याच्या मधोमध फिकट रेघ असेल, तर तो या दोहोंपैकी कोणीच नसून पॅलसेस लीफ वॉर्बलर आहे.

उत्तर २
वरील लक्षणे बरोबर आहेत, तरी माझ्या मते या जोडीत खरा निवाडा आवाजच करतो. एकेकाळी एकाच प्रजातीत गणलेले हे दोन पक्षी आज वेगळे मानले जातात, त्यात आवाजातील फरकाचा वाटा मोठा आहे. यलो-ब्राउडची साद बारीक, तीक्ष्ण आणि शेवटी वर चढत जाणारी, साधारण ‘त्सुईऽस्ट’ अशी असते. ह्यूम्सची साद खालच्या पट्टीतली, भरीव आणि दोन तुकड्यांत तुटणारी, ‘दु-वीट’ अशी ऐकू येते. ह्यूम्सच्या काही सादा ग्रीनिश वॉर्बलरच्या ‘चि-वी’जवळ जातात, म्हणून एकाच सादेवर न थांबता पाच-सात सादा ध्वनिमुद्रित कराव्यात. ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला मात्र बोलावू नये. थंडीत अन्न शोधण्याचा त्याचा वेळ मोलाचा असतो.

प्रश्नकर्ता
आज फोनवर नऊ सादा मिळाल्या. सगळ्या दोन तुकड्यांच्या असून शेवटी बारीक होत वर चढणारी एकही नाही. उन्हात खालची चोच टोकापासून जवळजवळ बुडापर्यंत काळी दिसली.

उत्तर २
मग तो ह्यूम्सच. ध्वनिमुद्रण मूळ स्वरूपात, काटछाट न करता, तारीख व वेळेसह नोंदीला जोडावे. धूसर छायाचित्रेही ठेवावीत. त्यांत चोचीचा रंग दिसत असेल, तर तेवढाही आधार पुरेसा आहे.