मदत हवी आहे: भाताच्या बांधावर दोन अनोळखी पक्षी, वडगाव-येळ्ळूर शिवार (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आमचं घर वडगावच्या टोकाला. मागचं दार उघडलं की शिवार सुरू होतं, आभाळ मोकळं असलं तर पलीकडे राजहंसगड दिसतो. यंदा बळ्ळारी नाला दोनदा फुगला आणि पाणी आमच्या खालच्या वाफ्यात आठवडाभर तुंबून राहिलं. तिथलं भात कुजून गेलं, आता नुसता लव्हाळा आणि गवत माजलंय. एवढं सविस्तर सांगतोय कारण पक्षी नेमके त्याच जागी आहेत.

आधी आवाज ऐकला. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, दिवेलागणीच्या वेळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडाला ओठ लावून हळू फुंकलं की घुमतं ना, अगदी तसा. ऊक... ऊक... ऊक... एका लयीत बराच वेळ, मग शांत, मग पुन्हा. मला घुबड वाटलं, पण आवाज झाडावरनं नव्हे, जमिनीलगतनं येत होता. मोबाईलवर मर्लिन (आवाजावरनं पक्षी ओळखणारं ॲप) लावून बघितलं, तर बेडकांच्या गोंगाटात त्याला काहीच पकडता आलं नाही. आई म्हणाली, ''हे दर पावसाळ्यात असंच हुंकारतंय बघ, दिसत मात्र कधी नाही.''

मग रविवारी सकाळी दिसला. साळुंकीएवढा, पण अंगानं गुबगुबीत. चोच लांब, टोकाशी किंचित खाली झुकलेली. मान आणि छाती काताच्या रंगाची. डोळ्याभोवती पांढरं कडं, तेही मागे ओढलेलं, देवीच्या मुखवट्याला डोळे रंगवतात तसं. छातीवरून खांद्याकडे चढणारा पांढरा पट्टा. मला बघून उडाला तेव्हा पाय खाली लोंबकळत होते, आणि जेमतेम दोन वाफे ओलांडून परत गवतात उतरला.

दुसरा पक्षी मी जवळजवळ तुडवलाच असता. म्हशीसाठी गवत कापत होतो. विळा पुढे गेला आणि पायापासून हातभर अंतरावर 'फिस्स' असा आवाज आला. साप समजून मागे उडी मारली. बघतो तर एक मातकट पक्षी दोन्ही पंख उघडून, पुढे वळवून, शेपटीचा पंखा करून माझ्याकडे तोंड करून उभा. पंखांवर सोनेरी-पिवळे गोल ठिपके, ओळीत मांडल्यासारखे. पळाला नाही. त्याच्या पायाशी गवताच्या खळग्यात चार अंडी होती, पिवळसर, त्यांवर काळे-तपकिरी डाग. मी विळा तिथेच टाकून उलट्या पावली बाहेर आलो. अजून अंगावर काटा येतो; एक हात पुढे गेला असता तर.

अंगकाठी दोघांची सारखी, चोचही तशीच, पण हा आकाराने लहान आणि रंगाने फिका. काका म्हणतात पाणकोंबडी. शेजारच्या शेतातले कन्नड मामा म्हणतात नीरकोळी, म्हणजे तेच. पण पाणकोंबडी आमच्या विहिरीपाशी रोज येते, पांढऱ्या छातीची, शेपटी उडवत चालणारी. ही ती नव्हे, एवढं मी खात्रीनं सांगतो.

तर विचारायचं असं: हे दोन वेगळे पक्षी की एकच जोडी? रंगीत तो नर आणि अंड्यांवरची मादी असं मी धरलंय, बरोबर का? आणि मुख्य म्हणजे, शुक्रवारी गवत कापायला माणसं येणार आहेत. भोवती जाळी लावू की खूण म्हणून काठी रोवू? घरट्याजवळ परत जायचा धीर झाला नाही, म्हणून फोटो नाही. लवकर सांगा, हात जोडून विनंती.

खानापूरहून प्रतिसाद:

दादा, एकच जोडी आहे, फक्त तुम्ही उलटी धरलीत. हा रंगीत पाणलावा. यांच्यात मादी मोठी, रंगीत, आणि संध्याकाळी घुमते तीही मादीच. अंडी घालून ती निघून जाते, बऱ्याचदा दुसऱ्या नराशी जोडी जमवते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे सगळं नराच्या गळ्यात. तळ्यातल्या कमळपक्ष्यांचं असंच असतं. म्हणजे तुमच्यासमोर पंख पसरून उभा राहिला तो बाप. नावात पाणलावा असला तरी थंडीत येणारा साधा पाणलावा वेगळा. तो उठला की वेडीवाकडी वळणं घेत सुसाट जातो. याचं उडणं जड आणि पाय लोंबते, हे तुम्ही अचूक टिपलंत.

निपाणीहून प्रतिसाद:

काठी रोवू नका, फडकं तर मुळीच बांधू नका. कावळ्यांना आणि कुत्र्यांना तीच खूण होते. जाळीही नको, पिल्लं अंड्यातनं बाहेर आल्यावर लगेच चालायला लागतात, ती त्यात अडकतील. चारही बाजूंनी आठ-दहा पावलं गवत तसंच ठेवा आणि तेवढाच तुकडा एकटा उभा दिसू नये म्हणून बांधालगतचा पट्टाही सोडा. रोज बघायला जाऊ नका. आपण गवत दाबत जातो त्याच वाटेनं मुंगूस येतं. अंडी कधी घातली ते कळलेलं नाही, तेव्हा तीन आठवडे हात लावायचा नाही असं धरून चला. आणि कुणी 'अंडी कोंबडीखाली ठेवू' म्हणालं तर ऐकू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि पिल्लंही जगायची नाहीत.

मूळ धागाकर्ता, सतरा दिवसांनी:

दोघांचेही मनापासून आभार. शुक्रवारी मी स्वतः माणसांबरोबर उभा राहिलो, खालचा वाफा पूर्ण सोडला. म्हशीला वरच्या बांधाचं गवत घातलं, कमी पडलं ते कन्नड मामांनी त्यांच्या शेतातलं दिलं. काकांना नर-मादीचं सांगितलं, तर दोन दिवस त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग तेच रोज संध्याकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले.

आज पहाटे धुकं होतं. लव्हाळ्याच्या कडेनं तो बाहेर आला, मान आत ओढून, प्रत्येक पावलाला मागचा भाग खालीवर हलवत. मागे तीन पिल्लं, पाठीवर काळ्या रेघा असलेली. पाण्याची चिरी ओलांडताना शेवटचं पिल्लू अडलं, तेव्हा तो वळून उभा राहिला आणि ते येईपर्यंत हलला नाही. चौथं दिसलं नाही. गवतात मागे राहिलं की अंडंच फुटलं नाही, हे बघायला मी आत गेलो नाही.

ऊक ऊक आता नाल्याच्या पलीकडून येतंय, जुने बेळगावच्या बाजूनं. तीच मादी असेल का? त्या बाजूच्या शिवारात कुणाचं गवत कापायचं राहिलं असेल, तर विळा घालण्याआधी एकदा वाकून बघा.