रात्र जागवणारे खानदेशी तरुण

खानदेशातील शहरांत रात्रीचे जीवनच नसल्यामुळे तिथल्या तरुणांची गाणी आणि पेहराव पुण्या-मुंबईहून येतात, असे म्हटले जाते; हे मत पेहरावापुरते मला मान्य आहे, गाण्यांच्या बाबतीत अजिबात नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशची लोकदेवी, बसते, तेव्हा पुणे, नाशिक, सुरत येथे नोकरी करणारी सगळी भावंडे त्या एका रात्रीसाठी जळगावला घरी येतात. ध्वनिक्षेपक नियमाप्रमाणे रात्री १० वाजता बंद होतो, पण नारळाच्या कानबाईला नथ घालून झाली की आत्या आणि काकू अहिराणी गाणी म्हणू लागतात, आणि एरवी कानांतून इअरफोन न काढणारी माझी चुलत बहीण त्यांच्या मागे एकेक ओळ म्हणत पहाटेपर्यंत जागते.

सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडवर पावरीची धून सुरू झाली, तेव्हा पुण्याहून घेतलेले तिचे पांढरे बूट गुलालाने पार माखले होते. पावरी हे मुळात दुधी भोपळा, बांबू आणि शिंग जोडून केलेले आदिवासी वाद्य आहे. आता बँडवाले तिचा सूर की-बोर्डवर काढतात, तरी पाय त्याच ठेक्यावर पडतात.