खानापूर भागात आईसाठी टीव्ही: केबल ठेवावी की डिशची छत्री बसवावी?

जांबोटीकडचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मी बेळगावात नोकरीला, गावाकडं आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. आईचा सगळा जीव संध्याकाळच्या मालिकांत, सात वाजले की शेजारच्या दोन काकू पण येऊन बसतात, भाकऱ्या त्याच्याआधी उरकलेल्या असतात. पोरं कन्नड शाळेत जातात त्यामुळं कन्नड चॅनेल पण पाहिजेतच. आत्ता केबल आहे. गेल्या उन्हाळ्यात केबलवाल्यानं न सांगता पॅक बदलला आणि मराठी चॅनेल निम्मी गेली. आईनं मला ऑफिसात फोन केला, "बाळा माझं चॅनेल कुठं गेलं रे", मला इतकं वाईट वाटलं. केबलवाल्याला विचारलं तर म्हणतोय इकडं बेसिक पॅक कन्नडच असतंय. छत्री घ्यावी म्हणतोय पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. अनुभव असलेल्यांनी सांगा की.

निपाणीकर
छत्रीच घे भावा, दुसरा विचार करू नको. आमच्याकडं सहा वर्षं झाली, पाहिजे तेवढीच चॅनेल निवडायची, मोबाईलवरून रिचार्ज करायचा, कुणाच्या मागं लागावं लागत नाही. तू बेळगावात बसून आईचा रिचार्ज करू शकतोस, हे महत्त्वाचं.

शहापूर_गल्ली
निपाणीचा पाऊस आणि जांबोटीचा पाऊस एक आहे का दादा? माझं माहेर कणकुंबीकडं, तिथं जुलैत ऐन मालिकेच्या वेळेला पडद्यावर नुसतं "सिग्नल नाही" येतंय, आणि एकदा दोनदा नाही, रोज. मी केबलच्या बाजूनं बोलते. डबा बिघडला तर गल्लीतलाच पोरगा संध्याकाळपर्यंत येऊन बघून जातो. छत्रीवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन लावून बटणं दाबत बसायचं हे म्हाताऱ्या माणसाला जमत नाही हो.

गच्चीवरचा
मी १५ वर्षं बेळगाव-खानापूर भागात छत्र्या बसवतोय, त्याआधी केबलच्या लाईनवर काम केलंय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो, थोडं लांब होईल.

ताईंचं पावसाचं म्हणणं खरं आहे. घरच्या छत्रीला येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या, जोराचा पाऊस त्या शोषून घेतोय. केबलवाल्याच्या गच्चीवर ज्या मोठमोठ्या छत्र्या बघता त्या वेगळ्या बँडवर चालतात, तिथली लहर साधारण साडेसात सेंटीमीटरची, तिला पावसाचा त्रास फार कमी. म्हणून पावसात केबल चालू आणि छत्री बंद असं दिसतंय. पण केबलचं दुखणं वेगळं. त्याच्या लाईनवर ठिकठिकाणी सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर असतात आणि त्यांना करंट लागतोय. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या अँप्लिफायरचा करंट गेला की तुमचा टीव्ही गेला. छत्रीला घरातला इन्व्हर्टर पुरतोय. जंगलभागात झाड पडून लाईन तुटली की दोन-दोन दिवस करंट नसतोय, हे विसरू नका.

आता खरं बघायचं ते. सगळे उपग्रह विषुववृत्तावर, ३६ हजार किलोमीटर उंचीवर, आपल्याला ते आग्नेयेच्या बाजूला पडतात. पण सगळे एका जागी नाहीत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तो आपल्या इथून जवळजवळ ७० अंश उंच, म्हणजे डोक्यावर म्हटलं तरी चालेल. एअरटेलचा १०८ अंशाच्या जरा पुढं, तो पूर्वेकडं जास्त झुकलेला आणि उंची ५० अंशाच्या आत. सन डायरेक्ट आणि डीडी फ्री डिश ९३.५ अंशावर, मधे. घराच्या आग्नेयेला झाड असेल तर ह्या फरकानं सगळं ठरतंय, कंपनी चांगली का वाईट ह्यानं नाही. शिवाय जेवढा उपग्रह उंच तेवढी लहर पावसातून कमी अंतर येते. नेहमीची छत्री ६० सेंटीमीटरची असते, तुमच्या भागात ९० ची मागा, सव्वादोन पट जास्त सिग्नल गोळा होतो. धो धो पावसात ती पण जाईल, पण लवकर परत येईल.

एक काम करा, भावाला सकाळी गच्चीवर पाठवा, मोबाईलच्या कंपासवर आग्नेय दिशा धरून फोटो काढून इथं टाका.

खडेबाजार
पैशाचं पण सांगतो. फेब्रुवारी २०१९ पासून नियम आहे की चॅनेल सुटी निवडता येतात, आणि चॅनेलची कमाल किंमत चॅनेलवाले ठरवतात, केबल असो की छत्री, त्याच्यावर जास्त घेता येत नाही. म्हणजे तुमच्या केबलवाल्यानं मराठी चॅनेल सुटी दिलीच पाहिजेत. वर नेटवर्क फी लागते, ती आधी १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैशाच्या आत होती, २०२४ मध्ये ती मर्यादा काढली, म्हणून आता सगळीकडं वेगवेगळी आहे, ती आधी विचारून घ्या. आणि एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीला चालत नाही, त्यामुळं घाई नको.

निपाणीकर
फ्री डिश का नको? महिन्याला एक पैसा नाही, सह्याद्री पण हाय, कन्नडचं चंदना पण हाय.

शहापूर_गल्ली
झी मराठी, स्टार प्रवाह त्याच्यात नाही ना. आईच्या मालिका त्याच्यावरच असणार.

जांबोटीकडचा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ आज गच्चीवर गेला होता. आग्नेयेला आमचा जुना फणस आहे, बाबांनी लावलेला, तो तोडायचा प्रश्नच नाही, आई जेवायची थांबेल. पूर्वेच्या अंगाला तो पार आडवा येतोय, पण वर डोक्याकडं बघितलं तर आभाळ मोकळं आहे. गोठ्याच्या पत्र्यामागं एक जागा आहे, तिथून तर फांदी पण मधे येत नाही. म्हणजे ८३ अंशवाली बसवायची ना? आणि ९० ची छत्री. गोठ्यापासून टीव्हीपर्यंत वायर साधारण ३० मीटर होईल. केबल पण सहा महिने चालू ठेवणार आहे, एक पावसाळा काढून बघतो, मराठी चॅनेल सुटी द्यायची म्हणून केबलवाल्याशी पण बोलून घेतो.

गच्चीवरचा
हो, तीच. छत्री पत्र्यावर ठोकू नका, वाऱ्यानं पत्रा हलला की दिशा सरकते, गोठ्याच्या भिंतीत किंवा जमिनीत काँक्रीट करून पाईप रोवा. वायर चांगल्या तांब्याची घ्या आणि ३० मीटर सलग घ्या, मधे जोड नको. बाहेरच्या पिनेला रबरी टोपी लावून वायर खाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं गळून जाईल, पिनेत शिरणार नाही. पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारींना मी जातो तेव्हा पिनेत पाणी आणि हिरवा गंजच असतोय. मे महिन्याच्या आत बसवून घ्या.

जांबोटीकडचा
चालेल. पुढच्या रविवारी गावी जातोय तेव्हा पाईप रोवून घेतो.