टॉर्च टेस्टमध्ये (गरोदरपणात त्रासदायक ठरणाऱ्या इन्फेक्शन्सची रक्ततपासणी) सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) पॉझिटिव्ह आलंय, म्हणून आयव्हीएफची ट्रान्सफर फेल गेली का?

कृष्णाकाठ: नमस्कार मैत्रिणींनो, आमची फ्रोझन ट्रान्सफर (गोठवलेला एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, गर्भाशयात सोडतात ती) झाली पण बीटा (प्रेग्नन्सीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला. मग डॉक्टरांनी टॉर्च करायला सांगितली, त्यात सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, रुबेला आयजीजी पण पॉझिटिव्ह, आयजीएम सगळे निगेटिव्ह. लॅबने जाड अक्षरात छापलंय ते बघूनच धडकी भरली. सासूबाई म्हणतात अंगात व्हायरस असल्यावर गर्भ कसा राहणार, आणि अँटीव्हायरलचा कोर्स पण लिहून दिलाय. खरंच यामुळे झालं असेल का?

लॅबवाली_ताई: अगं घाबरू नकोस. आयजीजी अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे इन्फेक्शन कधीतरी होऊन गेलंय. सीएमव्ही आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांना लहानपणीच होऊन जातो, कळत पण नाही, माझी टेस्ट केली तरी हेच येईल. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह तर चांगलंच, म्हणजे रुबेलापासून संरक्षण आहे, निगेटिव्ह असती तर एमएमआर लस घेऊन महिनाभर थांबावं लागलं असतं. आयजीएम (ताज्या इन्फेक्शनमध्ये दिसू शकणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा अ‍ॅव्हिडिटी टेस्ट करून इन्फेक्शन ताजं की जुनं ते बघतात. आणि त्या गोळ्यांनी लपून बसलेला सीएमव्ही जात नाही, आयजीजी पण तसाच राहतो, मग कोर्स कशासाठी हे डॉक्टरांना सरळ विचार.

आई_होणारच: +१, मला पण असाच कोर्स दिला होता, दुसऱ्या डॉक्टरांनी बंद केला. ट्रान्सफर फेल जाण्यात बरेचदा एम्ब्रियोच्या क्रोमोझोमचाच गोंधळ असतो म्हणाले.

नाशिककर७: पुरुषांचं कोणी विचारतच नाही राव. एग पिकअपच्या (अंडी काढतात त्याच्या) आधीच्या दोन-तीन महिन्यांत मिस्टरांना जोरदार ताप आला होता का? स्पर्म तयार व्हायला साधारण ७० दिवस लागतात, मोठ्या तापानंतर तेवढे दिवस काउंट, मोटिलिटी (स्पर्मची हालचाल) पडू शकते.

कृष्णाकाठ: अय्या हो, ह्यांना गणपतीत डेंग्यू झाला होता आणि पिकअप दसऱ्यानंतर लगेच!! आम्हाला कोणी विचारलंच नाही.

लॅबवाली_ताई: त्यामुळेच फेल गेली असं पण म्हणता येणार नाही हां. पण डॉक्टरांना सांग नक्की. फ्रोझन एम्ब्रियो शिल्लक असतील तर ते वापरालच, परत पिकअप करायची वेळ आली तर आधी सीमेन अ‍ॅनालिसिस रिपीट करून घ्या, जुन्या रिपोर्टवर जाऊ नका.