मदत हवी आहे: बी.एस्सी.ला केमिस्ट्री मेजर घेऊ की स्टॅटिस्टिक्स?

ताराराणी_चौक:
बारावी सायन्स, पीसीएम. केमिस्ट्रीत ७४, मॅथ्समध्ये ६८. कोल्हापुरातच शिकायचंय. घरचे म्हणतात केमिस्ट्री घे, एमआयडीसी जवळ आहे. मला स्टॅट आवडेल असं वाटतं, पण बारावीतल्या बायनॉमियलपलीकडे काही पाहिलेलं नाही. चुकलं तर बदलता येतं का?

मोजपट्टी:
मेजर आज ठरवायचंच नाहीये. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय असतात. दुसऱ्या वर्षापासून त्यातला एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय), तिसरा सुटतो. म्हणून जपायचं ते इथे: जो विषय या तिघांत नाही, तो पुढे मेजर म्हणून मागता येत नाही. केमिस्ट्री-मॅथ्स-स्टॅट असा ग्रुप मिळाला तर दोन्ही वाटा उघड्या राहतात. पण ग्रुप कॉलेजागणिक वेगळे. राजाराम, विवेकानंद, गोखले, न्यू कॉलेज, कुठेही जा, प्रॉस्पेक्टसमधलं ग्रुपचं पान आधी उघड. ऑफिसात दोन गोष्टी विचार: या विषयाचं मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत इथेच चालतं का, आणि मागणी जास्त झाली तर निवड कशावर करता?

ब्युरेट_५०:
आवड आहे की नुसतं वाटतंय, हे एका संध्याकाळी कळतं. वही घे.
स्टॅट: x चं प्रॉबॅबिलिटी डेन्सिटी फंक्शन (कोणती किंमत किती संभवते ते सांगणारं सूत्र) f(x) = २x, x ० ते १. x ची सरासरी काढ. इंटिग्रेशन करून २/३ येतं. दुसऱ्या वर्षी हेच दोन चलांत येतं. स्टॅट म्हणजे सरासरी आणि बार ग्राफ, असं समजून आलेले तिथेच अडकतात.
केमिस्ट्री: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, २५० मिली. किती वजन घेशील? १ ग्रॅम. बरं, नेमकं १ ग्रॅम घेऊनही नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) ०.१ भरत नाही, का? ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून ऑक्झॅलिक ॲसिडने स्टँडर्डाइज करावं, म्हणजे खरी तीव्रता मोजून घ्यावी लागते. हा ‘का’ सुचला नाही तरी चालेल, पण वाचून कंटाळा आला तर विचार कर. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३० तास, थिअरीचा १५. केमिस्ट्रीत उभं राहायची तयारी हवी.

घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत धातूचं पृथक्करण, साच्याच्या वाळूची ओल आणि परमिॲबिलिटी (तिच्यातून वायू किती सहज जातो) रोज तपासतात. साखर कारखान्यात ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), प्युरिटी (दोन्हींचं प्रमाण). फक्त साखर कारखान्याचं काम हंगामी, गाळप संपलं की लॅब थंडावते, हे त्यांना सांग.

ताराराणी_चौक:
आभार. वही काढली, पहिलं जमलं :) तिसरा विषय मॅथ्सऐवजी बॉटनी घेऊ का? स्कोअरिंग आहे म्हणतात.

मोजपट्टी:
स्टॅट मेजर करायचं असेल तर मुळीच नको. मॅथ्स सोडलं की स्टॅटची दुसऱ्या वर्षाची थिअरी पाठांतरावर येते. एम.एस्सी. स्टॅटसाठी ‘जॅम’ (आयआयटी वगैरेंची प्रवेश परीक्षा) दिलीस तर त्या पेपरातही कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स आहेतच. बॉटनी वाईट नाही, या जोडीत तिचा उपयोग नाही, एवढंच.

ब्युरेट_५०:
आणि भारतीय सांख्यिकी सेवेची पात्रताही वाच. पदवीत स्टॅट हा एक विषय असला तरी अर्ज करता येतो. म्हणजे केमिस्ट्री मेजर केलीस तरी मायनर म्हणून स्टॅट ठेवायला हरकत नाही. दुसरं गणित सुटलं का?